न्यूयॉर्कची वाट मॉस्कोवरून जाते

दादरच्या चौपाटीवर उभं राहून न्यूयॉर्ककडे बोट दाखवायचं झालं, तर ते कुठे दाखवाल? बहुतेक जण समोर, समुद्रात सूर्य बुडतो तिकडे दाखवतील. अमेरिका पश्चिमेला आहे हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण गोलावरचं गणित मांडलं की बोट चांगलंच उजवीकडे वळवावं लागतं, साधारण वांद्र्याच्या माउंट मेरीच्या टेकडीकडे. मुंबईतून न्यूयॉर्कची खरी दिशा आहे उत्तर, आणि तीही पश्चिमेला जेमतेम २७ अंश झुकलेली. थोडं पाणी ओलांडलं की ही वाट जमिनीवर येते आणि सौराष्ट्र, कच्छवरून पुढे जाते.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर हे आत्ताच करून बघा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपणहून सगळ्यांत जवळची वाट शोधतो. ती वाट कच्छवरून सिंधमध्ये शिरते, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तान ओलांडते, कझाकस्तानच्या पश्चिम टोकावरून रशियात जाते आणि मॉस्कोच्या अगदी जवळून निघते. मग फिनलंड आणि स्वीडनच्या मधला समुद्र येतो. दोन शहरांमधल्या वाटेचा नेमका मध्य तिथे आहे. पुढे नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलंडची राजधानी रेक्याविक, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर, अमेरिकेतलं मेन राज्य, आणि शेवटी वरून खाली उतरत न्यूयॉर्क. एकोणिसाव्या अक्षांशावरून निघून एकेचाळिसाव्याजवळ पोचायचं, पण वाटेत चढायचं थेट पासष्टाव्यापर्यंत! उत्तर ध्रुववृत्त तिथून दोनच अंशांवर उरतं. मुंबईच्या दमट उकाड्यातून न्यूयॉर्कला जाणारा माणूस झोपेत असताना बर्फाच्या राज्याला वळसा घालून येतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

खरं म्हणजे वळसा हा शब्दही चुकीचा आहे. हीच वाट सर्वांत सरळ आहे. तिची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्कोवरून जाते आणि तिची खरी लांबी भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. नकाशावर सरळ दिसणारी रेघ पृथ्वीवर जवळजवळ १,७०० किलोमीटरनं लांब पडते. म्हणजे विमानाची दोन तासांची दौड निव्वळ कागदाच्या सपाटपणापायी वाया जाईल.

दोष नकाशाचा नाही. गेरार्डस मर्केटर यानं १५६९ मध्ये तो आखला तो दर्यावर्दींसाठी. होकायंत्राचा काटा एका अंशावर धरून ठेवायचा आणि जहाज हाकायचं, एवढंच ज्यांच्या हाती होतं, त्यांना ती वाट कागदावर सरळ रेघेत दिसावी अशी त्याची रचना आहे. त्यासाठी त्यानं ध्रुवांकडचा मुलूख ताणला. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. एकाच दिशेनं जाणं आणि जवळच्या वाटेनं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेद्रो नूनेस या पोर्तुगीज गणितज्ञानं मर्केटरच्याही आधी, १५३७ मध्ये दाखवून दिलं होतं. जवळच्या वाटेवरून जाणाऱ्या विमानाचा रोख सतत बदलत राहतो. मुंबईतून ते उत्तर-वायव्येला निघतं, आइसलंडच्या अलीकडे ते नेमकं पश्चिमेला तोंड करून असतं, आणि अमेरिकेत शिरताना नैर्ऋत्येला. गंमत अशी की, या सगळ्यात त्यानं कुठेही खरं वळण घेतलेलं नसतं.

डोळा आपल्याला कसा फसवतो, याची उकल आपल्याकडे फार आधी झाली होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ते विचारतात की पृथ्वी गोल आहे तर सपाट का दिसते, आणि उत्तर देतात की मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, आणि माणूस एवढासा आहे. एका रेखावृत्तावरच्या दोन गावांच्या अक्षांशांतला फरक आणि त्यांच्यातलं अंतर ठाऊक असेल, तर त्रैराशिकानं सबंध पृथ्वीचा घेर काढता येतो, हेही त्यांनी सांगितलं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापन केला आणि त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. दोन गावांतलं अंतर मोजता मोजता पृथ्वी हातात येते, हा विचार खानदेशातल्या त्या गावात आठशे वर्षांपूर्वी शिकवला जात होता.

आणि अगदी काटेकोरपणे सरळ रेषाच हवी असेल तर? मग बोगदा खणावा लागेल. मुंबई ते न्यूयॉर्क पृथ्वीच्या पोटातून सरळ अंतर आहे सुमारे १०,६०० किलोमीटर. बोगदा मध्यावर पृष्ठभागापासून २,८०० किलोमीटरहून अधिक खोल जाईल. पृथ्वीचा वितळलेल्या लोखंडाचा गाभा सुरू होतो सुमारे २,८९० किलोमीटरवर. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पृथ्वीचा केवढा मोठा फुगवटा आडवा आला आहे, याची कल्पना मला याच आकड्यानं आली. सरळ रेषा गाभ्याला जवळजवळ चाटून जाते. विमान त्या साऱ्यावरून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून निघून जातं.

इथवर भूमितीचा भाग झाला. भूमितीनं अंतर मिळतं, पण वेळ मिळत नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला जायला साधारण सोळा तास लागतात आणि परतताना चौदा-साडेचौदा. दोन्ही शहरं तीच, विमान तेच, मग दीड-दोन तास कुठे जातात? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना शहर आपल्याकडे येत असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं असतं तर जाणं सोपं आणि परतणं अवघड व्हायला हवं होतं. घडतं उलटंच. हवाही पृथ्वीबरोबर फिरते, आणि मधल्या अक्षांशांवर, विमानं उडतात नेमक्या त्याच उंचीवर, ती पृथ्वीहूनही जोरात पूर्वेकडे धावते.

या धावत्या वाऱ्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापून फुगलेली, ध्रुवाकडची गार आणि बसलेली. या दोन्हींमधल्या उतारावरून हवा ध्रुवाकडे घरंगळू पाहते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिची वाट पूर्वेकडे वळते. तापमानातली तफावत जिथे सर्वांत तीव्र, तिथे हा प्रवाह अरुंद आणि वेगवान होतो. हिवाळ्यात तो ताशी दोनशे, कधी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं ततेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून, दुर्बिणीतून त्यांच्यावर नजर ठेवून, जपानवरचे हे प्रचंड वारे मोजले. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी आपलं काम १९२६ मध्ये एस्पेरांतो या भाषेत प्रसिद्ध केलं. एस्पेरांतो वाचणारे हवामानशास्त्रज्ञ जगात फारसे नव्हतेच, आणि त्या शोधाकडे बाहेर कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तो वारा समोरून भिडला, तेव्हा कुठे त्याची जगाला जाणीव झाली. ओइशींच्या त्या नोंदींविषयी वाचलं की मन हळहळतं. आज दर रात्री हजारो वैमानिक ज्या वाऱ्याची वाट पाहतात किंवा ज्याला चुकवतात, तो त्यांनी फुग्यांवर पकडला होता.

वाऱ्याचा हिशेब थोडा अवघड आहे, पण करून बघण्यासारखा आहे. समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा ताशी १००. जाताना वारा समोरून, म्हणजे जमिनीवरचा वेग ८००. १२,५३० किलोमीटरला १५ तास ४० मिनिटं. येताना वारा पाठीवर, वेग १,०००, साडेबारा तास. वाटेल की गमावलेलं परत मिळालं, फिटंफाट झाली. पण बेरीज करा: २८ तास १२ मिनिटं. वारा अजिबात नसता तर जाऊन-येऊन २७ तास ५१ मिनिटांत काम झालं असतं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून नुकसान नेहमी फायद्याहून थोडं मोठंच राहतं. यावर उपाय एकच: जाताना आणि येताना एकाच वाटेनं जायचं नाही. अमेरिकेकडे जाणारी विमानं बहुतेक वेळा उत्तरेला सरकून प्रवाह टाळतात, परतणारी दक्षिणेला येऊन त्यावर स्वार होतात. उत्तर अटलांटिकवर तर आयर्लंड-ब्रिटनकडचं शॅनविक आणि कॅनडातलं गॅंडर ही दोन नियंत्रण केंद्रं वारा बघून समुद्रावरचे समांतर आकाशमार्ग रोज नव्यानं आखत आली आहेत. काल होता तो रस्ता आज नसतो.

वाऱ्यापुढे अंतर किती दुबळं ठरतं, याचा पुरावा एअर इंडियानं ऑक्टोबर २०१६ मध्ये दिला. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. मग त्यांनी दिशाच फिरवली. विमान पूर्वेला, चीन-जपानकडून प्रशांत महासागरावर नेलं. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरनं जास्त. आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! सबंध वाटभर वारा पाठीशी होता. दूरच्या रस्त्यानं लवकर पोचणं हे जमिनीवर सहसा घडत नाही, आकाशात ते वेळापत्रकात बसवता येतं.

याहून मोठं उदाहरण २००५चं. त्या नोव्हेंबरात एक बोइंग ७७७-२०० एलआर हाँगकाँगहून लंडनला निघालं, पण पश्चिमेला न जाता पूर्वेला: प्रशांत महासागर, उत्तर अमेरिका, अटलांटिक, असं जगाला अर्ध्याहून अधिक वेढा घालत. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं, वाटेत कुठेही न उतरता. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा नावाचं वादळ अटलांटिकवर घोंगावत असताना ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या मानानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. आवाजाच्या वेगाच्या पुढचा आकडा, पण विमानानं ध्वनीची भिंत ओलांडली नव्हती. भोवतालची सगळी हवाच त्याला घेऊन धावत होती.

हे वारे ऋतूंचे असतात, त्यांच्यावर कुणाचा रुसवा-फुगवा चालत नाही. माणसांच्या सीमांचं तसं नाही. ताणलेला दोरा सिंधवरून जातो, अफगाणिस्तानवरून जातो, रशियावरून जातो, आणि यातल्या प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या परवानगीनंच वापरता येतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते जुलैपर्यंत. एकट्या एअर इंडियाचं त्यात ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. अशा वेळी मुंबईच्या विमानाला कच्छ ओलांडून सरळ पुढे जाता येत नाही. अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकून मग वर चढावं लागतं. आणि युक्रेन युद्धामुळे २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय कंपन्यांना खुलं आहे. त्यामुळे याच दोन देशांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवर कुठला झेंडा आहे त्यावर ठरू लागलं.

सर्वांत जबर फटका फिनलंडला बसला. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामध्ये जवळजवळ सगळा रशियाच आहे. नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास मार्च २०२२ मध्ये एका झटक्यात तेरा तासांचा झाला. फिनएअरनं मग जी वाट काढली ती त्यांच्याच जुन्या वहीतली होती. १९८३ मध्ये, शीतयुद्धामुळे सोव्हिएत आकाश बंद असताना, त्यांनी डीसी-१० विमान उत्तर ध्रुवावरून नेऊन हेलसिंकी–टोकियो थेट सेवा सुरू केली होती. चाळीस वर्षांनी विमानं पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली, आणि कंपनी प्रवाशांना उत्तर ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र देऊ लागली. दोन शहरं जागची हलली नाहीत, तरी त्यांच्यामधलं अंतर तीन-साडेतीन तासांनी वाढलं. मला वाटतं, दोन शहरांमधलं अंतर असं एका आकड्यात विचारणंच अपुरं आहे. भूमिती एक आकडा सांगते, त्या रात्रीचा वारा दुसरा, आणि त्या वर्षीचं राजकारण तिसरा. उड्डाणाच्या काही तास आधी विमान कंपनीच्या कार्यालयात डिस्पॅचर हे तिन्ही आकडे समोर ठेवतो आणि त्या एका रात्रीपुरती वाट ठरवतो.

ती ठरली की इंधन ठरतं. बोइंग ७७७-२०० एलआर, ज्यानं भारत-अमेरिका थेट उड्डाणं बरीच वर्षं केली, त्याच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं. वजन जवळजवळ १४५ टन. उड्डाणाच्या वेळी विमानाचं एकूण वजन जास्तीत जास्त ३४७ टन असू शकतं. म्हणजे पूर्ण भरलेल्या विमानाचं चाळीस टक्क्यांहून अधिक वजन निव्वळ इंधनाचं. प्रवासी आणि त्यांच्या बॅगा या हिशेबात किरकोळ ठरतात. आणि इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं: जास्तीचा घेतलेला दर टन तासागणिक स्वतःच्या वजनाच्या अंदाजे तीन-चार टक्के इंधन खातो. पंधरा-सोळा तासांत त्याचा मोठा वाटा स्वतःलाच वाहण्यात संपतो. म्हणून ‘असू दे थोडं जास्त’ असं म्हणता येत नाही. सुरुवातीला विमान इतकं जड असतं की ते फार उंच जाऊ शकत नाही. जसजसं इंधन जळतं तसतसं ते हलकं होतं आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतं. उत्तरेकडच्या वाटांवर आणखी एक काळजी असते. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठू नये असं बंधन आहे आणि बाहेरची हवा कधी कधी त्याहूनही गार असते. पंखांतल्या इंधनाच्या तापमानावर वैमानिक नजर ठेवून असतात. ते फार उतरलं तर विमान थोडं खाली, ऊबदार हवेत आणतात किंवा वेग वाढवतात.

आता घड्याळ. मुंबईहून पहाटे दोनला निघालेलं विमान सोळा तासांनी न्यूयॉर्कला उतरतं तेव्हा हिवाळ्यात तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि तारीख तीच. साडेदहा तास घड्याळानं परत दिले. परत येताना दुपारी बाराला निघालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशीची दुपार, मधले साडेदहा तास सापडत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं. पण जानेवारीतल्या त्या जाण्याच्या रात्री खिडकीबाहेर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी १,६७० किलोमीटर वेगानं फिरतो. ध्रुवाकडे जावं तसा हा वेग कमी होतो. पासष्टाव्या अक्षांशाजवळ तो सातशेच्या आसपास येतो. तिथे नेमकं विमान पश्चिमेकडे तोंड करून ताशी नऊशेनं चाललेलं असतं. म्हणजे विमान पृथ्वीच्या फिरण्याला मागे टाकतं! पहाट मागून येत असते आणि विमान तिच्यापुढे पळत असतं, आइसलंडवर, ग्रीनलंडवर, लॅब्राडोरवर. मुंबईत संध्याकाळी सुरू झालेला अंधार जवळजवळ न्यूयॉर्कला उतरेपर्यंत सलग टिकतो. सोळा तासांहून लांब रात्र, आणि खाली बर्फ, वर आकाशात उत्तर ध्रुवीय प्रकाशाच्या हिरव्या झालरी दिसण्याची शक्यता. या प्रवासात खिडकीची झडप बंद करून झोपणाऱ्यांना हात लावून उठवावंसं वाटतं.

घड्याळांबद्दल आणखी खोल जायचं तर १९७१ मध्ये जावं लागेल. त्या ऑक्टोबरात जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी अणुघड्याळं घेऊन साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केल्या, एक पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून. जमिनीवर ठेवलेल्या घड्याळाच्या तुलनेत पूर्वेला गेलेली घड्याळं सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेला गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. वेग आणि गुरुत्वाकर्षण यांमुळे काळच वेगळा चालतो, हे आइन्स्टाइनचं भाकीत होतं आणि ते जुळलं. प्रवासाला किती वेळ लागला, या प्रश्नाचं उत्तर विमानात बसलेल्याचं आणि विमानतळावर वाट पाहणाऱ्याचं अगदी तंतोतंत सारखं नसतं. फरक अब्जांश सेकंदांचा आहे, पण आहे.

वेळाचा हिशेब करताना मला आनंदीबाई जोशी आठवतात. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या, वय नुकतंच अठरा पूर्ण झालेलं, सोबत ना नवरा, ना घरचं कुणी. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. सुमारे दोन महिने. त्यांना उतरवून घ्यायला आलेल्या कार्पेंटर बाई राहत होत्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावात. आज मुंबईचे, पुण्याचे, नाशिकचे आई-वडील मुला-नातवंडांकडे जाताना नेवार्क विमानतळावर उतरतात, तिथून ते रोझेल जवळच आहे. आनंदीबाईंना लागलेले दोन महिने ते सोळा तास, यांच्यामध्ये बरीच पावलं आहेत. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. १९४८ मध्ये मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ न्यूयॉर्कला पोचलं, पण लंडनला थांबून. वाटेत पाय न टेकता मुंबई–न्यूयॉर्क गाठायला २००७ साल उजाडलं. १८८३ पासून पाहिलं तर यातली सगळी मोठी झेप पहिल्या ऐंशी वर्षांतच झाली. विमानाचा वेग ७०७ च्या काळापासून जवळजवळ तेवढाच आहे. वाढला आहे तो दम.

तो दम आता कुठवर जाईल? आज नियमित सेवांमध्ये सर्वांत लांबची सिंगापूर–न्यूयॉर्क आहे, सुमारे १५,३५० किलोमीटर, अठरा तासांच्या वर. ऑस्ट्रेलियाची क्वांटास सिडनी–लंडन थेट जोडायची तयारी करते आहे, ते सुमारे १७,००० किलोमीटर. २०१९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कहून सिडनीला मोजक्या माणसांना घेऊन १९ तास १६ मिनिटांचं चाचणी-उड्डाण केलं, आणि लोक कसे झोपतात, कसे जागतात याच्या नोंदी घेतल्या. यापुढे फार वाव उरलेला नाही, कारण पृथ्वीच संपते. तिचा घेर ४०,००० किलोमीटर. कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर २०,००० च्या पलीकडे जाऊच शकत नाही.

मुंबईपासून २०,००० किलोमीटरवरची ती जागा दक्षिण प्रशांत महासागरात आहे, १९ दक्षिण अक्षांशावर, आणि तिथे पाण्याशिवाय काही नाही. जवळचा वस्तीचा तुकडा म्हणजे ईस्टर बेट, तिथून ९००-हून थोडे अधिक किलोमीटर. मोठमोठे दगडी पुतळे उभे असलेलं तेच बेट. तिथला माताव्हेरी विमानतळ मुंबईपासून सुमारे १९,१०० किलोमीटरवर आहे, आपल्यापासून सर्वांत दूरचा. मुंबईच्या नेमक्या उलट टोकाला जायचं झालं तर दोरा ताणून काही कळत नाही. तो उत्तरेकडून ताणा, पूर्वेकडून ताणा, अंटार्क्टिकावरून ताणा, सगळीकडून अंतर सारखंच भरतं. ईस्टर बेट त्या टोकाच्या इतकं जवळ आहे की, सर्वांत जवळची वाट आणि सर्वांत लांबची वाट यांत २,००० किलोमीटरपेक्षाही कमी फरक पडतो. मुंबईहून तिथे थेट विमान कधी निघालं, तर डिस्पॅचरला भूमितीची फारशी अडचण राहणार नाही. त्या रात्रीचा वारा जिकडे असेल आणि जे देश आपलं आकाश उघडं ठेवतील, तिकडून तो वाट आखेल.